कायदा लोकांचा की पालकमंत्र्यांचा?

जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे २६ ऑगस्ट १९८२ रोजी दोन भाग झाले आणि वैनगंगेच्या पूर्वेकडील मुलुख गडचिरोली या नावाने स्वतंत्र जिल्हा झाला. नदीच्या दोन्ही तीरांवरील माणसे तीच, बोली तीच, धानाच्या बांध्या त्याच आणि मोहाची झाडेही तीच. परंतु आज पूर्वतीरावर दारूची बाटली विकणाऱ्यास पोलीस धरून नेतात, आणि पश्चिमतीरावर तीच बाटली विकणारा सरकारी परवाना भिंतीस टांगून गल्ल्यावर निर्धास्त बसतो. पूर्वतीरावर १९९३ पासून दारूबंदी आहे. पश्चिमतीरावर ती १ एप्रिल २०१५ रोजी आली आणि २७ मे २०२१ च्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत गेली. सहा वर्षे आणि सुमारे दोन महिने, एवढेच तिचे आयुष्य.

नदी एक, रान एक, दारू एक. मग कायदे दोन का? या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्रात सापडणार नाही, नीतिशास्त्रातही सापडणार नाही. ते राजकारणात शोधावे लागेल. दारू वाईट की बरी, हा वाद आम्ही येथे उकरून काढीत नाही. ज्या घरातील चूल तिच्यापायी विझली त्या घरास हा प्रश्न विचारण्याचेही कारण नाही. आम्हांस आज विचार करावयाचा आहे तो निराळ्या गोष्टीचा. सार्वजनिक हिताचा एखादा कायदा कोणाच्या बळाने येतो, कोणाच्या लहरीने जातो, आणि ज्यांनी तो मागितला त्यांस या येण्याजाण्यात कितपत विचारले जाते, हे आमच्या वाचकांनी एकदा डोळे उघडे ठेवून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम थोडा मागील इतिहास. इंग्रजी अमदानीत अबकारी हे सरकारचे दुभते खाते होते. गुत्त्यांचा लिलाव व्हावा, जास्त बोली बोलणाऱ्यास मक्ता मिळावा आणि त्याने रानातल्या माणसास पाजून आपली रक्कम वसूल करावी, असा हा व्यवहार असे. १९३७ च्या निवडणुकीनंतर मध्यप्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले आणि १९३८ साली प्रांतिक कायदेमंडळाने दारूबंदीचा कायदा केला. पण १९३९ च्या नोव्हेंबरात महायुद्धाच्या प्रश्नावरून मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि ज्यांच्या जिव्हाळ्याचा तो कायदा होता त्यांच्याच हातून कारभार सुटला. मुंबई इलाख्यातही तोच प्रकार झाला. तेथे १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात बंदी सुरू झाली आणि तीन महिन्यांत तिचे जनक पदच्युत झाले. म्हणजे मंत्रिमंडळाबरोबर दारूबंदीचे भाग्य फिरते, हा धडा आपल्या प्रांतास ऐंशी वर्षांहूनही जुना आहे. तो आपण शिकलो नाही, एवढेच.

स्वराज्य आल्यावर मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला आणि घटनेच्या ४७ व्या कलमाने मादक पेयांच्या बंदीसाठी झटणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले. पुढे १९६० च्या दशकात महाराष्ट्राने या बंदीची गाठ सैल केली आणि परवान्यांची वाट मोकळी झाली. यातील मौज अशी की, कायदा बदलला नाही. त्याचे नाव आजही दारूबंदीचाच कायदा आहे. ज्या कायद्याच्या मथळ्यावर बंदी लिहिली आहे, त्याच कायद्याखाली विक्रीचे परवाने दिले जातात, आणि त्याच कायद्याखाली वर्धा व गडचिरोली हे जिल्हे कोरडे म्हणून जाहीर होतात. ह्याचा अर्थ असा की, एखादा जिल्हा ओला करावा की कोरडा ठेवावा यासाठी विधिमंडळात नवा कायदा आणण्याची गरज पडत नाही. मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत ते काम उरकते. बंदी आणणे सोपे, तसेच उठविणेही सोपे. आमच्या मते सगळ्या गोष्टीचे मूळ येथे आहे.

आता गडचिरोलीकडे पाहू. तेथील बंदी कोणा मंत्र्याच्या मनात अकस्मात उगवली नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस डॉक्टर अभय बंग व डॉक्टर राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आणि अनेक ग्रामीण कार्यकर्त्यांनी दारूचा प्रश्न हाती घेतला. गावोगाव बैठका झाल्या, ठराव झाले, स्त्रिया पुढे आल्या, आणि दारूमुक्तीची चळवळ जिल्हाभर पसरली. सरकारने बंदी जाहीर केली ती कित्येक वर्षांच्या या खटपटीनंतर, १९९३ साली. त्या वेळी राज्यात काँग्रेसचे सरकार होते. त्यानंतर १९९५ साली शिवसेना-भाजप युती आली, १९९९ साली काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी आली, २०१४ साली भाजप, २०१९ साली महाविकास आघाडी आणि २०२२ साली पुन्हा दुसरी जुळणी. सांगलीचे आर. आर. पाटील, ठाण्याचे एकनाथ शिंदे, नागपूरचे देवेंद्र फडणवीस हे निरनिराळ्या पक्षांचे पुढारी निरनिराळ्या काळी या जिल्ह्याचे पालकमंत्री झाले. इतकी उलथापालथ झाली, पण १९९३ ची बंदी कोणी उठविली नाही. २०२१ साली चंद्रपूरची बंदी गेल्यावर आता गडचिरोलीची पाळी, अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा शेकडो गावांनी ठराव करून आपली बंदी कायम राहावी असे सरकारास कळविले.

गडचिरोलीत दारू मिळतच नाही असे आम्ही म्हणत नाही. ती मिळते, जंगलात मोहाचा सडवा टाकला जातो आणि सीमेपलीकडून बाटल्याही येतात. परंतु तेथे सडवा शोधून काढणाऱ्या आणि तो ओतून देणाऱ्या गावच्या बायाही आहेत. २०१६ साली ‘सर्च’, राज्य सरकार व टाटा ट्रस्ट यांनी मिळून तेथे ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम सुरू केला, त्याचाही आधार गावोगावच्या संघटनाच आहेत. कायदा कागदावर आणि पहारा गावात, अशी ही जोडी आहे.

आता चंद्रपूर. येथेही मागणी खालूनच आली, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकाराने डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर हजारो स्त्रियांचा पायी मोर्चा गेला. ज्या चिमूरने १९४२ च्या ऑगस्टात इंग्रजी सत्तेस हादरा दिला, त्याच गावातून निघालेल्या या बाया स्वराज्यातल्या सरकारकडे एवढेच मागत होत्या की, आमच्या गावातले दुकान बंद करा. शेकडो ग्रामपंचायतींनी बंदीचे ठराव केले. २०११ साली सरकारने तत्कालीन पालकमंत्री संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा कल बंदीकडे होता. तरीही काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने २०१४ पर्यंत निर्णय घेतला नाही. समिती नेमणे हा निर्णय टाळण्याचा सभ्य मार्ग आहे, हे आपल्याकडे कोणास नव्याने सांगावयास नको.

पुढे २०१४ साली राज्यात सत्तांतर झाले. ज्यांनी विरोधी बाकांवरून या मागणीस पाठिंबा दिला होता, ते बल्लारपूरचे आमदार सुधीर मुनगंटीवार अर्थमंत्री आणि चंद्रपूरचे पालकमंत्री झाले, आणि २० जानेवारी २०१५ रोजी मंत्रिमंडळाने बंदीचा निर्णय केला. दिलेला शब्द पाळणारा मंत्री आपल्याकडे विरळा; त्याबद्दल त्यांस द्यावयाचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. विशेषतः अर्थखाते सांभाळणाऱ्या माणसाने आपल्याच तिजोरीत येणारा पैसा नाकारावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु येथेच त्या बंदीच्या कपाळी तिचे आयुष्यमानही लिहिले गेले. जी मागणी बायांची होती, ती त्या दिवसापासून एका मंत्र्याची, एका पक्षाची म्हणून ओळखली जाऊ लागली. विजयाचे हार ज्यांच्या गळ्यात पडले, त्यांच्या विरोधकांस ती बंदी प्रतिपक्षाची मालमत्ता वाटू लागली. आणि प्रतिपक्षाची मालमत्ता मोडून टाकण्यात आपल्या राजकारणास जो आनंद वाटतो, तो दुसऱ्या कशातही वाटत नाही.

बंदी झाली, पण ती पाळली जावी यासाठी काय केले? चंद्रपूरच्या उत्तरेस नागपूर, पश्चिमेस वर्धा नदीपलीकडे यवतमाळ आणि दक्षिणेस तेलंगण. यांपैकी कोठेही बंदी नाही. अशा बेटाभोवती पहारा ठेवावयाचा तर माणसे हवीत, नाकी हवीत, न्यायालयांत खटले लवकर निकालात निघावयास हवेत, आणि ज्यांस व्यसन जडले आहे त्यांच्यासाठी तालुक्यातालुक्यांत उपचाराची सोय हवी. घोषणेला जितका गाजावाजा मिळाला तितके लक्ष या नीरस गोष्टींस मिळाले नाही. चोरट्या धंद्यास तेजी आली, त्यात स्त्रिया व अल्पवयीन मुलेही ओढली गेली, पोलिसांच्या दप्तरी गुन्ह्यांचे ढीग पडले. नोव्हेंबर २०१८ मध्ये नागभीड ठाण्याच्या एका पोलीस उपनिरीक्षकास दारूची चोरटी वाहतूक करणाऱ्यांनी मोटारीखाली चिरडून ठार केले. पक्षाने कायदा केला; त्याची किंमत एका कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याने प्राणांनी दिली.

मग २०१९ साल उजाडले. लोकसभेच्या निवडणुकीत साऱ्या महाराष्ट्रात काँग्रेसला एकच जागा मिळाली, आणि ती चंद्रपूरची. वर्षअखेर राज्यात महाविकास आघाडीचे सरकार आले आणि ब्रह्मपुरीचे आमदार विजय वडेट्टीवार चंद्रपूरचे पालकमंत्री झाले. पुन्हा समिती! जानेवारी २०२१ मध्ये निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखाली ती नेमली गेली, मार्चमध्ये तिने अहवाल दिला, आणि २७ मे रोजी, कोरोनाची दुसरी लाट गावोगाव माणसे गिळीत असता, मंत्रिमंडळाने बंदी उठविली. जुलैच्या आरंभी दुकाने उघडली. २०११ ची समिती बंदीकडे झुकली, २०२१ ची समिती बंदीविरुद्ध. दहा वर्षांत दारूचा गुण बदलला नाही. समिती नेमणारे मात्र बदलले.

येथपर्यंत कोणी असे म्हणेल की, हा एका पक्षाच्या पुण्याचा आणि दुसऱ्याच्या पापाचा हिशेब झाला. तसे मुळीच नाही, आणि पुढील गोष्ट त्याचे प्रमाण आहे. २०२२ साली सरकार पुन्हा पालटले. बंदी आणणारे सुधीर मुनगंटीवार पुन्हा मंत्री झाले आणि चंद्रपूरचे पालकमंत्रीही झाले. खुर्ची तीच, जिल्हा तोच, माणूसही तोच. बंदी मात्र परत आली नाही. २०२४ पर्यंत ते त्या पदावर होते. तेवढ्या अवधीत गेलेली बंदी परत आणण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने केला नाही. आणि ज्या काँग्रेसच्या राज्यात १९९३ साली गडचिरोलीची बंदी झाली, तीच काँग्रेस २०२१ साली चंद्रपूरची बंदी उठविणाऱ्या सरकारात होती. तेव्हा दारूबंदी हे कोणत्याही पक्षाचे तत्त्व नाही, ते प्रसंगाचे हत्यार आहे, असे म्हणण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

मग सत्तेच्या दरबारात अशा प्रश्नाचा निकाल कोण लावते? आमच्या समजुतीप्रमाणे तीन गोष्टी: तिजोरी, मतपेटी आणि संघटना.

तिजोरीचे बळ सर्वांत मोठे. बंदी उठविताना सरकारनेच सांगितले की, पाच वर्षांत उत्पादन शुल्क व विक्रीकर मिळून सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचे उत्पन्न बुडाले. आकडा ऐकून शहरातील सुजाण माणसेही हळहळली. परंतु आमचे व्यापारी वाचक हिशेब जाणणारे आहेत; त्यांनी हा हिशेब नीट मांडून पाहावा. कर हा बाटलीच्या किमतीचा एक भाग असतो. सरकारास अडीच हजार कोटी मिळावयाचे तर पिणाऱ्याने त्याहून कितीतरी अधिक रक्कम मोजली पाहिजे. ही रक्कम आकाशातून पडत नाही. ती घुग्घुसच्या कोळसाखाणीतील मजुराच्या पगारातून, गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यातील कामगाराच्या घामातून आणि मूल-सावलीच्या धानकऱ्याच्या विक्रीतून यावयाची. तिजोरीच्या बाजूने ज्यास उत्पन्न म्हणतात, त्यास चुलीच्या बाजूने खर्च म्हणतात. बंदीच्या काळात हा सारा पैसा घरीच राहिला असे नाही. त्यातला पुष्कळसा चोरट्या विक्रेत्याकडे गेला. पण जो पैसा मजुराच्या घरातून जातो त्यास बुडालेले सरकारी उत्पन्न एवढेच नाव देणे म्हणजे एकाच बाजूची खतावणी लिहिणे होय. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढविले आणि त्यातून वर्षास चौदा हजार कोटींची भर पडेल अशी अपेक्षा धरली. ज्या खजिन्याचा डोळा असा बाटलीवर लागला आहे, त्याच्याकडून बंदीचे रक्षण व्हावे ही अपेक्षा म्हणजे मांजराच्या स्वाधीन दुधाचे भांडे करणे होय.

गडचिरोलीची बंदी टिकली यातही या तिजोरीचा हात आहे, हे आम्ही लपवीत नाही. खाणी, वीजकेंद्र, कागदगिरणी व सिमेंटचे कारखाने चंद्रपुरात. गडचिरोलीत विरळ वस्ती आणि दाट रान. तेथून मिळणारे उत्पन्न लहान, म्हणून मोहही लहान. परंतु आता त्याही जिल्ह्यात लोहखनिजाच्या खाणी सुरू झाल्या आहेत, रोख मजुरीचा पैसा वाढू लागला आहे. मोह वाढेल त्या दिवशी त्या बंदीची खरी परीक्षा होईल.

मतपेटीचे बळ दुसरे. यासाठी थोडे बाहेर पाहावे. आंध्रात एन. टी. रामाराव यांनी स्त्रियांच्या चळवळीस वचन देऊन १९९५ साली बंदी आणली. १९९७ साली त्यांच्याच पक्षाच्या सरकारने ती मोडली. हरियाणात बन्सीलाल यांनी १९९६ साली बंदी आणली आणि १९९८ साली त्यांनीच ती मागे घेतली. अमेरिकेने तर १९२० साली घटनेने केलेली बंदी १९३३ साली घटना दुरुस्त करून उठविली. मंदीच्या दिवसांत रित्या झालेल्या खजिन्यास दारूच्या कराची आठवण व्हावी हे साहजिकच होते. उलट बिहारमध्ये २०१६ साली नितीशकुमार यांनी केलेली बंदी, त्यांनी तीन वेळा जोडीदार बदलले तरी, त्यांच्या राजवटीत कायम राहिली. विषारी दारूने डिसेंबर २०२२ मध्ये सारण जिल्ह्यात अनेकांचे बळी घेतले, तरीही ती हलली नाही. कारण तेथे स्त्रियांचे मत हेच त्या राज्यकर्त्याचे भांडवल होते. कायदा चांगला चालला म्हणून टिकतो असे नाही आणि वाईट चालला म्हणून जातो असेही नाही. तो मोडल्याने कोणाची मते जातील यावर त्याचे आयुष्य ठरते. चंद्रपुरात बंदी मोडल्याने आपले काही बिघडणार नाही, असा अंदाज राज्यकर्त्यांनी केला आणि तो खोटा ठरला नाही. २०२४ च्या लोकसभेच्या निवडणुकीत बंदी आणणारे मंत्रीच उमेदवार होते आणि ते मोठ्या फरकाने पराभूत झाले. त्या निकालास अनेक कारणे होती. पण बंदीने त्यांस तारले नाही, एवढे खरे.

संघटनेचे बळ तिसरे, आणि आमच्या मते तेच शेवटी उपयोगी पडणारे. चिमूरहून नागपूरला चालत गेलेल्या स्त्रियांनी आपले काम २०१५ साली संपले असे मानले काय? मानले असेल तर त्यांस दोष कोण देईल? शेतावर मजुरी करून, पोरे सांभाळून, नागपूरपर्यंत पायी चालून ज्यांनी मागणी मिळविली, त्यांनी पुढेही रोज पहारा करावा, असे घरात बसून सांगणे सोपे आहे. पण राजकारणाचा नियम निष्ठुर आहे. मागणारा घरी गेला की दिलेले परत घेणारा बाहेर पडतो. दारूच्या धंद्यातला माणूस कधी घरी जात नाही. त्याचा तो रोजचा पोटाचा प्रश्न असतो. दुकानदारांची संघटना कायमची, बायांची संघटना मोर्च्यापुरती, अशी स्थिती असली म्हणजे निकाल कोणाच्या बाजूने लागावयाचा हे ज्योतिष्यास विचारावे लागत नाही.

आता चंद्रपूरच्या बाजारपेठेचे गाऱ्हाणे. बंदीमुळे हॉटेले ओस पडली, लग्नकार्ये नागपूरकडे गेली, ताडोब्याचा प्रवासी वाटेतूनच वळला, असे व्यापारी म्हणत. त्यात तथ्य नव्हते असे नाही. परंतु व्यापाऱ्याचे खरे दुखणे कायद्याचा कडकपणा हे नव्हे, त्याचा चंचलपणा हे होय. आज भांडवल घालून धंदा उभारावा आणि उद्या मंत्रिमंडळाने तो गुन्हा ठरवावा. परवा पुन्हा तोच धंदा राजमान्य व्हावा. या खेळात प्रामाणिक माणूस नेहमी बुडतो आणि ज्याची मंत्रालयात ओळख तो नेहमी तरतो. किराणा, कापड, भांडी यांचा व्यापार करणाऱ्यांनी तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मजुराचा पगार गुत्त्यावर अडला तर तो तुमच्या दुकानापर्यंत पोहोचत नाही. या प्रश्नात पेठेचे हित आणि चुलीचे हित परस्परविरोधी नाही.

दुसरे गाऱ्हाणे आदिवासींचे, आणि ते अधिक खोल आहे. गोंड समाजात मोहाचा रस देवकार्यात, लग्नात, मरणात लागतो. शहरातल्या माणसाने परवान्याची विलायती दारू प्यावी ती प्रतिष्ठा, आणि रानातल्या माणसाने देवापुढे मोहाची धार धरावी तो गुन्हा, हा न्याय कसला? सरसकट बंदीत हा भेद राहत नाही. पण या पेचातून वाट कायद्यानेच दाखविली आहे. अनुसूचित क्षेत्रांसाठी संसदेने १९९६ साली केलेल्या पंचायतीच्या कायद्यात, ज्यास लोक पेसा म्हणतात, मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेस व पंचायतीस असावा असे स्पष्ट म्हटले आहे. महाराष्ट्राने २०१४ साली त्याचे नियमही केले. गडचिरोलीचा पुष्कळसा भाग आणि जुन्या राजुरा तालुक्यातील काही गावे या क्षेत्रात येतात. देवाच्या धारेला वाट द्यावी आणि धंद्याच्या बाटलीला देऊ नये, हा विवेक मंत्रालयातील कारकुनास करता येणार नाही. तो गावातल्या म्हाताऱ्या बायांस व भुमकाला सहज करता येईल.

जेथे पेसा लागू नाही तेथेही एक हत्यार आहे. २००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातील अथवा प्रभागातील मतदारांनी, विशेषतः स्त्री-मतदारांनी, मागणी केल्यास गुप्त मतदान घेऊन दुकान बंद करता येते. उभी बाटली म्हणजे दुकान राहो, आडवी बाटली म्हणजे दुकान जावो, अशी निरक्षर बाईसही समजेल अशी ही चिन्हे. परंतु अट अशी की, झालेल्या मतांच्या निम्म्याहून अधिक मते पुरत नाहीत. नोंदलेल्या एकंदर मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस पडावी लागतात. म्हणजे जी बाई मजुरीसाठी परमुलखी गेली, जी आजारी पडली, जी मरून गेली पण यादीत राहिली, ती सारी उभ्या बाटलीच्या बाजूची धरली जातात! आमदार निवडून यावयास अशी अट नाही, खासदारास नाही, सरकार बनवावयास नाही. ती फक्त दारूचे दुकान बंद करू पाहणाऱ्या बायांस आहे. ही एक अट काढून टाकावी, एवढी मागणी जरी सर्व पक्षांच्या दारात नेऊन ठेवली तरी कोण खरा आणि कोण बोलका, हे चटकन कळेल.

यापुढे काय व्हावे? आमच्या मते चंद्रपुरात उद्या पुन्हा एखादा मंत्री येऊन सरसकट बंदी जाहीर करील, यात लोकांचे हित नाही. परवा दुसरा येऊन ती उठवील. जिल्हा ओला करणे वा कोरडा करणे हा अधिकार मंत्रिमंडळाच्या एका बैठकीपुरता ठेवू नये. असा कोणताही बदल करण्यापूर्वी समितीचा अहवाल मराठीत छापून गावोगाव वाचावयास मिळावा, ग्रामसभांत व प्रभागांत त्यावर मत घेतले जावे आणि विधिमंडळात उघड चर्चा होऊन कोणी कोणत्या बाजूने हात वर केला याची नोंद राहावी. मद्याच्या करातून येणाऱ्या पैशाचा ठरलेला हिस्सा त्याच जिल्ह्यातील व्यसनमुक्तीच्या उपचारावर खर्च झाला पाहिजे. आणि ज्या गावाने ठराव करून दुकान बंद केले, त्या गावच्या ठरावास पोलिसांचे पाठबळ मिळाले पाहिजे. तो ठराव केवळ दप्तरात पडून राहता कामा नये.

पक्ष लोकशाहीत असावयाचेच. त्यांच्यावाचून राज्य चालत नाही, आणि त्यांस शिव्या देऊन आपली जबाबदारी टाळणाऱ्या सुशिक्षितांच्या पंक्तीस बसण्याची आम्हांस इच्छा नाही. पक्ष हा वाऱ्यासारखा आहे. शीड ज्याच्या हाती त्याची नाव तो पुढे नेतो. वैनगंगेच्या पूर्वतीरावरील बायांनी शीड आपल्या हाती ठेवले, म्हणून सहा-सात सरकारे बदलली तरी त्यांची नाव उलटली नाही. पश्चिमतीरावर ते मंत्र्याच्या हाती दिले गेले, आणि मंत्री उठला तेव्हा तेही गेले. चंद्रपूरच्या शहरवासीयांस व व्यापाऱ्यांस आमचे सांगणे इतकेच की, पुढील निवडणुकीत जो कोणी मत मागावयास दारी येईल त्यास बंदीच्या बाजूचा की विरुद्ध, हे विचारू नका. आडव्या बाटलीची अट काढणार काय, ग्रामसभेचा ठराव मानणार काय, आणि करातील किती पैसा उपचारावर खर्च करणार, हे तीन प्रश्न विचारा. आणि उत्तर लिहून, सहीनिशी घ्या.